गाळा नंबर चारची पायरी

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची निराशा नको. माझं दुकान बुडालं याचं मला फारसं वाईट वाटत नाही. दुकानं बुडतातच. आमच्या वसईतल्या या एका रस्त्यावर गेल्या वर्षात केकवाला बुडाला, दोन मोबाइलवाले बुडाले आणि एक 'डाएट स्नॅक्स'वाला तर पाटी लागायच्या आधीच बुडाला. त्यांच्या पंक्तीत मी जाऊन बसलो, एवढंच. मला वाईट वाटतं ते पायरीचं. गाळा नंबर चारच्या शटरसमोर काळ्या दगडाची एक पायरी होती. ती मी फोडून घेतली, आणि तीसुद्धा ग्रॅनाइटचे चार नमुने पाहून, पसंत करून.

मी जयवंत शेंडे. मूळचा फलटणचा, पण बावीस वर्षं वसईत. नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून. सरकारी कागदावर या खात्याला 'वैधमापन शास्त्र' म्हणतात, पण ते नाव पूर्ण उच्चारेपर्यंत दुकानदार काटा बदलून ठेवतो, म्हणून आम्ही 'वजनमापे'च म्हणायचो. एकतीस वर्षं मी दुकानात शिरलो की गल्ल्यावरचा माणूस उभा राहायचा. फरसाणाची बशी पुढे यायची. ती मी कधी घेतली नाही. चहा दोनदा घेतला, आणि दोन्ही वेळा माझं डोकं खरोखर दुखत होतं. तर अशी एकतीस वर्षं रोज दुकानं पाहिल्यावर माणसाला दुकानदारी आपोआप येते, असा माझा समज होता. रोज लग्नं लावणाऱ्या भटजीचा संसार सुखाचाच होतो असं काही नाही, हे तेव्हा कुणी मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

निवृत्त झालो आणि आठ दिवसांत वसुंधरा, म्हणजे माझी बायको, मला कंटाळली. दोष तिचा नव्हता. मी तिचे स्वयंपाकघरातले डबे तपासायला घेतले होते. अर्ध्या किलोच्या डब्यात सहाशे ग्रॅम साखर कशी काय मावते, हा प्रश्न मी सहज विचारला.

"अहो, खाली जा," ती म्हणाली. "चार माणसांत बसा. नाहीतर काहीतरी काढा."

तिला बहुधा फेरफटका काढा, असं म्हणायचं होतं. मी दुकान काढलं.

गाळा आमचाच होता. फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरने मागच्या बाजूचा हा चार नंबरचा गाळा स्वस्तात गळ्यात मारला होता. सुरुवातीला एक झेरॉक्सवाला भाड्याने होता, तो गेल्यापासून अठरा वर्षं शटर बंद. आत आमच्या जुन्या गाद्या आणि केयूरची, म्हणजे मुलाची, तिसरीपासूनची सायकल. केयूर आता पुण्याला असतो. आणि बाहेर ती पायरी. इमारत बांधताना इथल्या जुन्या वाडीतली विहीर बुजवली, तिच्या काठाचा दगड बिल्डरने तसाच शटरसमोर टाकला होता. मध्ये खळगा पडून गुळगुळीत झालेला.

त्या पायरीवर एलिसाबाई बसायची.

पापडीची एलिसाबाई. सकाळी पहिल्या बसने यायची. लाल लुगडं, डोक्यावर टोपली, टोपलीत तिच्या वाडीतलं जे निघेल ते: अळूची पानं, शिराळी, केळफूल, लाल माठ, मोड आणून सोललेले वाल, आणि एका ओल्या फडक्यात मोगऱ्याच्या कळ्या. साडेनऊला टोपली रिकामी करून परत. सून शर्ली कधी सोबत आली तर दोघी घरच्या बोलीत बोलायच्या. ती बोली मला बावीस वर्षांत दोन शब्दांपलीकडे समजली नाही, आणि ते दोन शब्द बहुतेक माझ्याबद्दलच होते.

एलिसाबाईकडे काटा नव्हता. ती वाटे घालून विकायची. केळीच्या पानाच्या तुकड्यावर वालाचे छोटे छोटे ढीग. आता 'वाटा' हे एकक कायद्यात कुठेही नाही. माझ्याच जिन्याखाली, माझ्याच गाळ्यापुढे, रोज सकाळी कायदा असा उघडउघड पानावर मांडलेला असायचा, आणि मी ब्रीफकेस घेऊन त्याच्या बाजूने ऑफिसला जायचो. एकदा राहवलं नाही. वसुंधराने आणलेला वाटा मी घरातल्या काट्यावर टाकला. सोमवारी तीनशे दहा ग्रॅम. बुधवारी चारशे वीस. पैसे तेवढेच.

"बघ," मी म्हणालो, "एकाच मालाला दोन मापं. ही सरळ सरळ विसंगती आहे."

"बुधवारी केयूर आला होता," वसुंधरा म्हणाली, आणि वाल घेऊन आत गेली.

तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण कळलं पाहिजे तेव्हा कळण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही.

वसुंधरा रोज सकाळी भाजी आणायला खाली जायची ती अर्ध्या तासाने वर यायची. भाजीला दोन मिनिटं लागायची, उरलेला वेळ दोघी त्या पायरीवर शेजारी शेजारी बसलेल्या. मी गॅलरीतून पाहायचो. काय बोलायच्या देव जाणे. केयूर पुण्याला गेला त्या वर्षी वसुंधरा पाऊण पाऊण तास वर यायची नाही. घरात मात्र ती कधी रडली नाही. मला वाटायचं, खंबीर बाई आहे.

दुकान काढायचं ठरलं तसा मी एलिसाबाईला सांगायला खाली उतरलो. मनात मुद्दे तयार होते. सांगायची वेळच आली नाही.

"दुकान काढता काय साहेब?" तिनेच विचारलं. "बायने सांगितलं. चांगलं हाय. बंद शटर बरं नाय, उंदीर लागतात."

"हो ना. तेच."

तिने माठाची जुडी पाण्याने शिंपडली. मग खाली बघूनच विचारलं, "पायरी राहील ना पण?"

"बघू," मी म्हणालो.

एकतीस वर्षं मी हा शब्द वापरला. दुकानदारांना, साहेबांना, युनियनवाल्यांना. 'बघू' म्हटलं की नाही म्हटल्याचं पाप लागत नाही आणि हो म्हटल्याची जबाबदारी येत नाही. ऑफिसात तो शब्द चालतो, कारण समोरचाही तो वापरतच असतो. एलिसाबाई वापरत नव्हती. तिने मान हलवली आणि मला एक केळफूल दिलं. पैसे घेतले नाहीत. मी केळफूल घेऊन वर आलो, आणि आपण विषय किती छान हाताळला असं वसुंधराला सांगितलं.

यानंतर सल्लागारांचा प्रवेश. दुकान काढणाऱ्या माणसाला भांडवल कमी पडेल, गिऱ्हाईक कमी पडेल, सल्ला कमी पडणार नाही. आमच्या मजल्यावर हरिभाऊ राहतात. एसटीतून निवृत्त. धंद्याचा अनुभव म्हणजे एका मोसमात देवगडहून आंब्याच्या चाळीस पेट्या आणल्या होत्या. त्यांतल्या अकरा विकल्या आणि बाकीच्या पेट्यांचा आमरस अख्ख्या इमारतीने आठवडाभर खाल्ला. त्या अनुभवाच्या जोरावर ते रोज संध्याकाळी गाळ्यात खुर्ची टाकून बसू लागले.

"जयवंतराव, दुकानाला पायरी नको," त्यांनी दुसऱ्याच दिवशी निर्णय दिला. "लक्ष्मी अडखळते. उतार हवा. सरळ आत आली पाहिजे."

"उतार असेल तर सरळ बाहेरही जाईल," वसुंधरा म्हणाली. ती चहा द्यायला आली होती.

"वहिनी, हे शास्त्र आहे."

शास्त्र म्हटलं की मी विरघळतो. माझ्या खात्याच्या नावातच तो शब्द आहे. त्यात बी विंगमधला परेश आला. हा दुकानांची सजावट करतो. सोसायटीतला म्हणून स्वस्तात करीन म्हणाला, आणि स्वस्त हा शब्द उच्चारून झाल्यावर बाकी सगळं महाग सांगितलं. त्यालाही उतारच हवा होता. "काका, आजकाल लोक ट्रॉली बॅग ओढत येतात, बेबी स्ट्रोलर असतं. रॅम्प मस्ट आहे. लुक पण येतो." मी विचार केला: लक्ष्मी, ट्रॉली आणि लुक, तिन्ही एकाच बाजूला आहेत. विरुद्ध बाजूला कोण? एक म्हातारी बाई, रोज तीन तास. हा हिशेब मी तेव्हा अगदी असाच केला होता. आता लिहिताना हात आखडतो, पण केला होता.

श्रीपत गवंडी आला तो फाल्गुनातला सोमवार होता. सकाळी पावणेसातला घण पडायला सुरुवात झाली. मी परेशबरोबर ग्रॅनाइटचे तुकडे उन्हात धरून रंग ठरवत होतो. गुलाबी की काळा, काळा की 'स्टील ग्रे'. श्रीपतने एकदा हात थांबवून विचारलं होतं, "साहेब, दगड भारी आहे. अख्खा काढून ठेवू का बाजूला?" मी म्हणालो, "ठेवणार कुठे? फोड, खाली भरावाला घाल." मग घण परत चालू झाला. मी वर पाहिलं तेव्हा समोरच्या विजेच्या खांबाजवळ एलिसाबाई उभी होती. टोपली अजून डोक्यावरच. किती वेळ उभी होती माहीत नाही. मी हात केला. तिनेही हात केला. मग ती रस्त्यापलीकडे गेली. मी स्टील ग्रे पक्का केला.

पाडव्याला उद्घाटन. पाटी: 'अचूक धान्य भांडार'. खाली बारीक अक्षरात 'येथे माप बोलते'. कडधान्यं, तांदूळ, मसाले, सगळं सुटं, समोर तोलून. परेशने उतार इतका चकचकीत पुसून घेतला होता की त्यात आमच्या इमारतीचे चारही मजले दिसत होते. हरिभाऊ नारळ घेऊन लक्ष्मीच्या मार्गाने सरळ आत निघाले आणि त्याच मार्गाने सरळ बाहेर आले, बसलेल्या अवस्थेत. नारळ मुहूर्ताच्या सात मिनिटं आधी फुटला. मनगटही. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रहास यांनी प्रसंगावधान राखून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हरिभाऊंना हात धरून उठवताना ते कण्हत कण्हत एवढंच म्हणाले, "पायरी असती तर धरायला काहीतरी होतं."

दुसऱ्या दिवसापासून दुकानदारी सुरू. माझा इलेक्ट्रॉनिक काटा नवा, खात्याचा शिक्का मारलेला, ग्रॅम ग्रॅम दाखवणारा. पहिलं गिऱ्हाईक राधिका, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी, अंधेरीला नोकरी करणारी मुलगी. तिने अर्धा किलो वाल मागितले. मी ओतले. काट्यावर पाचशे सहा. मी चार दाणे काढले. पाचशे दोन. दोन काढले. चारशे नव्याण्णव. एक दाणा परत टाकला, तो जरा मोठा निघाला. मग मी डब्यात हात घालून मध्यम आकाराचा दाणा शोधू लागलो.

"काका, चालेल हो," राधिका म्हणाली. "मला उशीर होतोय."

"चालेल म्हणून नाही चालत, बाळ. ग्राहकाचा हक्क आहे हा."

पाचशेवर आकडा स्थिर झाला तेव्हा तिची रिक्षा निघून गेली होती. ती पिशवी घेऊन उतारावरून जपून उतरली, थांबली, आणि इकडेतिकडे बघत म्हणाली, "एलिसाबाई कुठे बसते आता? ती मला एकटीपुरते वाल द्यायची, सोललेले. एवढे अर्धा किलो मी सोलणार कधी?"

मी म्हणालो, समोर खांबापाशी बसते. मग समोर पाहिलं, तर खांबापाशी कुणी नव्हतं.

पुढचे सहा महिने माझ्या दुकानात सगळ्यात जास्त मागणी याच एका मालाला होती. लोक यायचे, उतारावर तोल सावरायचे, डब्यांवरून नजर फिरवायचे आणि विचारायचे, "एलिसाबाई दिसत नाही?" कुणाला अळू हवं असायचं. कुणाच्या घरी सत्यनारायण, केळीची पानं हवी असायची. चंद्रहासांच्या आईला डोक्यात घालायला मोगरा हवा असायचा. म्हातारी नव्वदीची, ती मला म्हणाली, "तुम्ही तिला हाकललंत म्हणे?" मी म्हणालो, "आजी, मी कुणालाही हाकललं नाही." ते अक्षरशः खरं होतं. हाकललं असतं तर निदान तिने दोन शब्द सुनावले असते.

मानहानीचा कळस आषाढात झाला. माझ्याच हाताखाली शिकलेला हर्षवर्धन, आता निरीक्षक, दुकानात आला. मी उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा निरीक्षकासाठी काउंटरच्या आतल्या बाजूने उभा राहिलो, आणि माझा हात आपोआप फरसाणाच्या डब्याकडे गेला, हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्याने काटा तपासला. बरोबर. मग भिंतीकडे पाहिलं.

"सर, काट्याचं प्रमाणपत्र? दर्शनी भागात हवं."

ते प्रमाणपत्र हरिभाऊंनी उतरवायला लावलं होतं. प्लास्टरमधल्या हाताने दिशा दाखवून त्यांनी सांगितलं होतं की दक्षिणेच्या भिंतीवर सरकारी कागद नको, सरकार मागे लागतं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. काढून दाखवलं.

"ड्रॉवर दर्शनी नाही, सर," हर्षवर्धन खाली बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "तुम्हीच शिकवलंत. ओळखीचा असला तर आधी त्याच्यापासून."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "लिही." त्याने लिहिलं. जाताना वाकून नमस्कार केला आणि उठताना उतारावर घसरला. मी त्याला सावरलं. एवढंच त्या दिवसातलं समाधान.

पण हे सगळं मी सांगतोय ते खरी गोष्ट टाळण्यासाठी. खरी गोष्ट वसुंधराची. ती खाली येईनाशी झाली. भाजी हातगाडीवाल्याकडून, गॅलरीतून पिशवी सोडून. मी दुकानातून जेवायला वर गेलो की ती टीव्ही लावून बसलेली असायची, आणि टीव्हीवर काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही. एक दिवस मी म्हणालो, "दुकानात येऊन बसत जा की. मन रमेल."

"कुठे बसू?" तिने विचारलं.

मी म्हणालो, खुर्ची आहे. तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही आणि कारण नीटसं कळलं नाही. कळलं ते दोन दिवसांनी, गॅलरीत उभा होतो तेव्हा. तिथून खाली बघायची मला अठरा वर्षांची सवय. खाली राखाडी ग्रॅनाइट चकाकत होतं आणि त्यावर बसण्यासारखं काहीही नव्हतं.

श्रावणात तांदळात पोरकिडे झाले, भाद्रपदात डाळीत. दसऱ्याला मी शटर ओढलं. लोक त्या दिवशी दुकानं उघडतात. पाटी उतरवायला परेशने माणूस पाठवला नाही, म्हणून 'येथे माप बोलते' अजून तिथेच आहे.

आणि मग मी ठरवलं: पायरी परत करायची.

मी नियमाचा माणूस. नगरपालिकेची महापालिका झाल्यापासून फुटपाथाला हात लावायचा तर परवानगी लागते, म्हणून अर्ज केला. सोबत नकाशा, मालकीचे कागद, सोसायटीची ना-हरकत. कार्यालयातल्या बाई सज्जन होत्या. त्यांनी सगळं नीट वाचलं.

"पायरी गाळ्याच्या हद्दीबाहेर येते, काका. फुटपाथवर."

"पण आधी होतीच ना. बावीस वर्षं."

"आधी होती ती होती. जुनं बांधकाम. कुणी तक्रार केली नाही, आम्ही बघितलं नाही. नवीन घातली की ते अतिक्रमण." मग त्यांना माझी दया आली असावी. "तुम्ही फोडली कशाला? ती फोडायला कुणी सांगितलं होतं?"

हेच वाक्य मी एकतीस वर्षांत किती दुकानदारांना ऐकवलं असेल. जुना, थोडा हलका पण सगळ्या गल्लीला ठाऊक असलेला काटा मोडीत काढून नवा आणणारे, आणि मग शिक्क्यासाठी माझ्यापुढे ताटकळणारे. अर्ज घडी करून खिशात घातला. श्रीपत गवंडी म्हणाला, "साहेब, कशाला विचारलंत? न विचारता टाकली असती तर कुणी बघितलं असतं?" मी त्याला 'बघू' म्हणणार होतो. तोंडातून निघाला नाही तो शब्द.

शेवटी मी एक पाट करून घेतला. चांगला सागवानी, जाड, दोन माणसं बसतील एवढा. पाट उचलून नेता येतो, म्हणजे अतिक्रमण नाही. कायद्यात बसणारी पायरी. तो रिक्षात टाकून पापडीला गेलो. चर्चच्या मागे दोन आळ्या सोडून घर, पुढे ओटा, मागे वाडी. एलिसाबाई ओट्यावर बसून वाल सोलत होती. मला बघून उठायला लागली, उठता येईना, मग तिथूनच म्हणाली, "या साहेब. बाय बरी हाय?"

पहिला प्रश्न तोच होता. मी हो म्हणालो. मग म्हणालो, "नाही. तुमच्यावाचून बरी नाही." आणि मग जे सात-आठ महिन्यांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हणालो. चुकलो, असं. एकतीस वर्षांत कार्यालयीन भाषेत तो शब्द मी कधी स्वतःबद्दल वापरला नव्हता, त्यामुळे तो फार हळू आवाजात आला.

"राग नाय साहेब," ती म्हणाली. "खांबाजवळ बसले चार दिवस. खाली बसलं की उठवत नाय. कोन तरी हाताला धरून उठवायचं, रोज कोनाला सांगू? मग सोडून दिलं. आता माल शर्ली टेम्पोवाल्याला देते."

मी पाट पुढे केला. शर्ली बाहेर आली, तिने तो खाली ठेवला, सासूला हाताला धरून बसवलं. एलिसाबाई बसली. टोपली ओढून पाहिली. मग उठायचा प्रयत्न केला आणि हसायला लागली. शर्लीने उठवून परत ओट्यावर बसवलं.

"हा जेवायचा पाट झाला साहेब. याच्यावर जेवतात, धंदा नाय होत. पायरी बरोबर होती. टोपलीला हात पोचायचा नि गुडघा दुखायचा नाय. विहिरीवर बायकांना बसायला घातलेला दगड तो. अंदाजाने घातलेला नाय."

मी विचारलं, "किती उंच होती?"

तिने जमिनीपासून हात वर धरला. "एवढी."

माझ्या खिशात मापाची टेप असते. कायम असते, लग्नाला गेलो तरी. मी ती काढेपर्यंत तिचा हात वालाकडे गेला होता. मी म्हणालो, परत दाखवा. तिने परत दाखवला. या वेळी तो बोटभर वर होता की खाली, मला ठरवता येईना. तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. इमारतीतल्या प्रत्येक दुकानाचा काटा, माझ्या घरातला प्रत्येक डबा मी मोजला होता. बावीस वर्षं डोळ्यांसमोर असलेली ती पायरी कधी मोजली नव्हती, आणि आता तिचे तुकडे ग्रॅनाइटखाली होते.

"उंच करून आणतो पाट," मी म्हणालो. "तुम्ही याल ना?"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बघू."

एलिसाबाईच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. निघताना तिने केळीच्या पानावर वालाचा वाटा घातला, वर आणखी एक मूठ टाकली, आणि म्हणाली, "बायला म्हणावं, ये कधी. ओट्यावर जागा हाय."

घरी आलो. वसुंधराने पान उघडलं, वाटा पाहिला आणि तिचा चेहरा बदलला. कुणाकडून आला हे सांगावं लागलं नाही. मी सगळं सांगितलं. चुकलो म्हणालो तेही सांगितलं.

"किती उंच होती विचारलंत?"

"विचारलं. हाताने दाखवली." मी वाकून जमिनीपासून हात धरला. "एवढी."

वसुंधरा खाली बसली, माझ्या शेजारी, फरशीवर. तिने माझं मनगट धरलं आणि हात दोन बोटं खाली आणला. तिथे थांबवला. जरा विचार केला, आणि किंचित वर उचलला.

"एवढी," ती म्हणाली.

तिचे डोळे भरून आले होते. टेप माझ्या खिशातच होती. मी दुसरा हात खिशाकडे नेला नाही. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, हात त्या उंचीवर धरून, आणि माझा खांदा दुखायला लागला तरी ती सोडेना.